आचारी आणि आचार्य

पुस्तकांची परीक्षणे लिहिणे हा आमचा फार जुना नाद आहे. कोणी नवा कवी आपला संग्रह 'अभिप्रायार्थ सप्रेम' असे लिहून पाठवितो. आम्ही तो रविवारी दुपारच्या निजेआधी चाळतो, चार ठिकाणी पेन्सिलीने खुणा करतो आणि कल्पना, छंद व मुद्रणदोष यांविषयी प्रत्येकी एक परिच्छेद लिहून मोकळे होतो. या धंद्यात परीक्षकाची एक मोठी सोय आहे. परीक्षण चुकले तरी कोणाचे काही मोडत नाही. कवी आठ दिवस रुसतो, इतकेच. गेल्या पावसाळ्यात मात्र आमच्याकडे असे एक काम आले की, त्यात चुकीचा अभिप्राय गेला असता, तर ज्यांची नावेही आम्हांस ठाऊक नाहीत अशा कित्येकांच्या कामात माती कालवली गेली असती. ती कालवली जाता जाता राहिली, आणि राहिली ती आमच्या विद्वत्तेमुळे नव्हे, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

ते काम म्हणजे एका 'लायब्ररी'चे परीक्षण. वाचकांच्या डोळ्यांपुढे कपाटे आणि वाळवी उभी राहिली असल्यास त्यांनी ती दूर सारावी. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे लोक ज्यास लायब्ररी म्हणतात ती वस्तू सुताराच्या बिजागऱ्यांसारखी असते. सुतार दार स्वतः करतो. पण बिजागऱ्या, कड्या आणि कोयंडे तो दुकानातून आणतो, व ते ओतणाऱ्याचे तोंडही त्याने कधी पाहिलेले नसते. तद्वत प्रोग्रॅम लिहिणारा मनुष्य तारखांची वजाबाकी, आलेखांची रेखाटणी, शब्दांची मोजदाद असली नित्याची कामे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या संग्रहांकडून करवून घेतो. यांतील पुष्कळसे संग्रह 'ओपन सोर्स' असतात. म्हणजे त्यांतील ओळ न् ओळ कोणीही वाचावी, वापरावी, बदलावी व पुढे द्यावी अशी कर्त्याची लेखी अनुज्ञा असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली 'ग्नू'ची घोषणा करून या विचाराचे निशाण उभारले. 'ओपन सोर्स' हे नाव मात्र १९९८ सालचे. या अनुज्ञापत्रांत औदार्याच्या पाठोपाठ बहुधा एक कलम येते: वस्तू आहे तशी दिली आहे, तिच्यापासून कोणाचे नुकसान झाल्यास कर्ता जबाबदार नाही. फुकट जेवू घालणाऱ्याने पोटदुखीची हमी देऊ नये हे न्याय्यच आहे. परंतु मग पोटदुखीची काळजी वाहावी कोणी?

त्यासाठीच परीक्षणाची चाल पडली. सी प्लस प्लस या संगणकीय भाषेसाठी 'बूस्ट' नावाची एक संग्रहमाला १९९८ पासून चालत आली आहे. तीत नवी लायब्ररी घ्यावयाची तर तिचे उघड परीक्षण होते आणि परीक्षणाचा व्यवस्थापक शेवटी निर्णय देतो. परीक्षकांस जे प्रश्न विचारतात त्यांत रचना कशी आहे, कोड कसा आहे, डॉक्युमेंटेशन कसे आहे, हे तर आहेतच. पण आम्हांस सर्वांत मार्मिक वाटला तो प्रश्न निराळाच आहे. तुम्ही या परीक्षणासाठी किती श्रम घेतलेत? नुसती नजर फिरविली, भराभर वाचले, की खोल अभ्यास केला? मराठी मासिकांनी हा प्रश्न आपल्या परीक्षकांस विचारावयास आरंभ केला, तर कित्येकांस (आम्ही त्यांत आलोच) लेखणी खाली ठेवावी लागेल. २०१६ साली निघालेल्या 'जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर' या नियतकालिकात तर परीक्षकाचे नावही झाकलेले नसते. कर्ता, संपादक आणि परीक्षक यांचा संवाद साऱ्या जगासमोर चालतो, आणि परीक्षकापुढे एक यादी असते: अनुज्ञापत्र आहे काय, वस्तू बसवून घेण्याची रीत लिहिली आहे काय, उदाहरणे आहेत काय, चाचण्या आहेत काय, ही वस्तू कोणासाठी आणि कशासाठी केली हे सांगितले आहे काय. एकेक गोष्ट पाहून चौकटीत खूण करावयाची. आमच्याकडे आलेले काम याच धर्तीवर चालणाऱ्या एका लहानशा मंडळाकडून आले होते. आम्ही गणित शिकवितो, पंचवीस वर्षे विद्यार्थ्यांकडून प्रोग्रॅम लिहवून घेत आलो आहोत, आणि मराठीत चार अक्षरे खरडतो. हे तिन्ही दुर्गुण एका ठिकाणी सापडल्यामुळे मंडळाने आम्हांस गाठले असावे.

लायब्ररी होती देवनागरी मजकुरासाठी. पायथन भाषेत लिहिलेली, आटोपशीर, नीटनेटकी. लेखाचे शब्द सुटे करावयाचे, अक्षरे मोजावयाची, मजकूर 'स्वच्छ' करावयाचा आणि शब्दांची अनुक्रमणी लावावयाची, ही तिची चार कामे. कर्ता उत्तरेकडील एक हिंदीभाषक तरुण. नोकरी सांभाळून रात्री हे काम करणारा. मराठी, हिंदी, नेपाळी, कोकणी व संस्कृत या सर्व भाषांस ही लायब्ररी चालते, असे त्याने पहिल्याच पानावर म्हटले होते. डॉक्युमेंटेशन पाहून तर आम्ही प्रसन्नच झालो. हल्ली आमच्या विद्यार्थ्यांस प्रोग्रॅम लिहिता येतो, परंतु आपण काय लिहिले ते सांगता येत नाही. या तरुणाने प्रत्येक कृतीखाली उद्देश, उदाहरण आणि उत्तर अशी तीन अंगे मांडली होती. 'नमस्ते' या शब्दात अक्षरे किती, हा साधा प्रश्न. संगणकास विचारले तर तो सहा म्हणतो. कारण तो न, म, स, हलन्ताची खूण, त आणि एकाराची मात्रा असे सहा मणी मोजतो. युनिकोडच्या जुन्या विभाजनाच्या नियमाने गेल्यास चार येतात. न, म, स् आणि ते. शाळेतले पोर तीन सांगेल; न, म, स्ते. युनिकोडवाल्यांसही २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तीत जोडाक्षर न तोडण्याचा नियम घालून पोराच्या बाजूस यावे लागले. ही तिन्ही उत्तरे आपापल्या ठिकाणी खरी असून कोणत्या कामास कोणते घ्यावे, हे कर्त्याने इतक्या स्वच्छ रीतीने समजाविले होते की, ते पान आम्ही वर्गात वाचून दाखविले.

एवढे असूनही आम्ही परीक्षक होतो, आणि परीक्षकास दोष सापडल्याखेरीज जेवण गोड लागत नाही. सर्व उदाहरणे 'नमस्ते' आणि 'हिन्दी' यांवरच बेतलेली पाहून आम्ही 'मराठी' हा शब्द टाकून पाहिला. शब्द सुटे करणाऱ्या कृतीने त्याचे दोन तुकडे करून आमच्या हातावर ठेवले: 'मर' आणि 'ठ'. आपल्या भाषेचे नाव उच्चारताच कोणी 'मर' म्हणावे, हा अपशकुन आम्ही उभ्या आयुष्यात अनुभवला नव्हता. कारण शोधू जाता फार अद्भुत निघाले नाही. पायथनमध्ये शब्दाचे अक्षर ओळखण्याची जी तयार खूण आहे, तिच्या लेखी स्वराची मात्रा हे अक्षरच नव्हे. ती मात्रेपाशी येऊन थबकते आणि शब्द संपला असे समजते. रोमन लिपीसाठी कापलेला अंगरखा देवनागरीच्या अंगावर चढविला की तो काखेत फाटतो, तो असा. कर्त्याच्या चाचण्यांत हा दोष का दिसला नाही, म्हणाल, तर त्याने शब्द सुटे करण्याच्या चाचण्या 'कमल', 'नगर', 'भवन' अशा बिनमात्रांच्या शब्दांवर घेतल्या होत्या. आम्ही हे कळविले आणि दोन दिवसांत दुरुस्ती आली. वर, "सर, आपले आभार मानावे तितके थोडे," असे पत्र. आमची छाती दोन बोटे फुगली. त्या फुगलेल्या छातीने आम्ही उरलेल्या चौकटींकडे वळलो आणि एकामागून एक खुणा करीत सुटलो. 'स्वच्छ' करणाऱ्या कृतीपुढे डॉक्युमेंटेशनात एकच ओळ होती: मजकुरातील अनावश्यक अदृश्य चिन्हे काढून टाकते. ती वाचून आम्हांस काहीच खटकले नाही. अनावश्यक चिन्हे काढावयाची नाहीत तर काय ठेवावयाची? केली खूण.

येथे आमच्या आईच्या वहीची हकीकत सांगितली पाहिजे. आई जाऊन आता सहा वर्षे झाली. तिच्या मागे दागिने म्हणण्यासारखे काही नव्हते. होती ती एक दोनशे पानी वही. तीत पाककृती तर होत्याच, शिवाय कोणत्या कार्यास किती शेर साखर लागली, कोणाच्या बारशास कोणी काय दिले, मुंजीच्या आदल्या रात्री काय भिजत घालावे, असा सारा गृहशास्त्राचा इतिहास होता. वहीचे कागद पिवळे पडून तुकडे निघू लागले, तेव्हा घरातील मंडळींनी ती संगणकावर उतरून घेण्याचे ठरविले. पहिली ऐंशी-नव्वद पाने आमच्या भाच्याने सुट्टीत आपल्या मोबाइलवर टिपली. पुढे त्याची परीक्षा आली आणि राहिलेला भाग आमच्या सौभाग्यवतींनी आमच्या जुन्या संगणकावर दोन पावसाळे खपून पुरा केला. आईचे शिक्षण १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वीचे; त्यामुळे तिच्या लेखनात अनुच्चारित अनुस्वार जागजागी बसलेले. 'पाणी उकळलें कीं', 'मीठ घालावें', 'झांकण ठेवावें'. ते टिंब न् टिंब उतरले पाहिजे, असा सौभाग्यवतींचा आग्रह होता. आम्ही एकदा ही टिंबे गाळली तर काम लवकर उरकेल असे सुचविले होते, त्यावर, "मग मीठही गाळू या का?" असा प्रश्न आल्यामुळे आम्ही तो विषय पुन्हा काढला नाही.

या वहीस शेवटी शब्दसूची जोडावी आणि दिवाळीत भावंडांस एकेक प्रत छापून द्यावी, असा बेत होता. लायब्ररी हाती आली, तेव्हा आम्हांस एका दगडात दोन पक्षी दिसले. वही हीच परीक्षणाची सामग्री. पहिली दहा पाने घालून पाहिली; सर्व ठीक. मग सबंध वही 'स्वच्छ' करून, सूची काढून, कागदावर छापून आम्ही ती सौभाग्यवतींच्या हाती मोठ्या ऐटीने दिली, आणि मंडळास 'स्वीकारण्यास योग्य' असा अभिप्राय लिहावयास बसलो. अभिप्राय अर्धा झाला होता. स्वयंपाकघरातून हाक आली.

"अहो, सासूबाईंनी आचार्यांना तेल मोजून द्यायला कशाला सांगितलंय? मुंज लावायला आलेला माणूस तेल घेऊन काय करणार?"

आम्ही म्हणालो, "टाइप करताना चुकलं असेल."

"माझं? मी ते पान तीनदा वाचलंय. आणि ह्या पुर्या कुठल्या? भाकर्या? पहिल्या अर्ध्या वहीत पुऱ्या आहेत, पुढच्या अर्ध्या वहीत पुर्या आहेत. तुमच्या यंत्रानं निम्म्या पुऱ्या बिघडवल्यात."

वहीतील मूळ वाक्य असे होते: 'आचार्यास शिधा पहाटेंच द्यावा, आचाऱ्यास तेल मोजून द्यावें.' आईचा आचाऱ्यांवर जन्मभर विश्वास नव्हता, हे आम्हां सर्वांस ठाऊक. लायब्ररीतून बाहेर पडताना त्या वाक्यातील आचारी नाहीसा झाला होता आणि आचार्यच शिधा घेऊन वर तेलही मोजून घेत होता.

मराठी वाचकांस यातील मर्म सांगावयास नको, तरी परभाषकांस ते सांगताना आमची जी तारांबळ उडाली ती पाहता येथेही सांगतो. 'र'ला पुढील व्यंजन जोडण्याच्या आपल्या दोन तऱ्हा आहेत. एक डोक्यावरचा रफार. आचार्य, दर्या, सूर्य. दुसरा आडवा, पापणीच्या केसासारखा. आचाऱ्यास, दऱ्या, पुऱ्या, कऱ्हाड. पहिल्याने मागच्या अक्षरावर आघात येतो, दुसऱ्याने येत नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. एका केसाच्या फरकाने सह्याद्रीचे पाणी होते. हिंदीस ही भानगड नाही. म्हणून संगणकाची देवनागरी मांडताना हा केस कोठे बसवावा, हा प्रश्न आडवा आला. युनिकोडने देवनागरीस १२८ घरे दिली, ती भारतीय 'इस्की' संकेताच्या १९८८ सालच्या मांडणीवरून. त्यांत ०९३० हे साध्या 'र'चे घर आणि ०९३१ हे खाली टिंब असलेल्या 'ऱ'चे. हा टिंबवाला 'ऱ' द्राविड भाषांतील एका ध्वनीच्या लेखनासाठी म्हणून नोंदलेला आहे. पण त्यास हलन्त लावून व्यंजन जोडले की मराठीचा आडवा केस उमटावा, असा नियम केला. दुसरी रीतही आहे. साधा 'र', मग हलन्त, मग 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचे एक जोडचिन्ह, ज्यास रुंदी नाही, रूप नाही, आणि जे कागदावर कधीच दिसत नाही. ते मध्ये असले की रफार डोक्यावर न चढता आडवा होतो. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत ही रीत होती, आणि जुने लेखन बिघडू नये म्हणून ती आजही मान्य आहे.

म्हणजे 'पुऱ्या' हा शब्द संगणकाच्या पोटात दोन प्रकारांनी लिहिता येतो, आणि बाहेरून पाहणारास भिंग लावूनही फरक दिसत नाही. भाच्याच्या मोबाइलने पहिला प्रकार वापरला होता आणि आमच्या जुन्या संगणकाने दुसरा. आम्ही पहिली दहा पाने तपासली ती भाच्याची. 'अनावश्यक अदृश्य चिन्हे' काढणाऱ्या कृतीने जोडचिन्ह उचलून फेकले, आणि सौभाग्यवतींच्या दोन पावसाळ्यांतील प्रत्येक आडवा केस उभा राहून डोक्यावर चढला.

त्या कृतीवर आम्ही अन्याय करू इच्छीत नाही. इकडून तिकडे उतरून घेतलेल्या मजकुरात असली न दिसणारी चिन्हे ढेकणांसारखी शिरलेली असतात, त्यांच्यामुळे शोधलेला शब्द सापडत नाही, म्हणून ती झाडून काढण्याची रीत सर्वत्र आहे. पुष्कळ ठिकाणी तर हे जोडचिन्ह केवळ शोभेचे असते. जोडाक्षर एकसंध दिसावे की मोडून दिसावे, एवढेच ते ठरविते. गेले तरी अर्थ जागच्या जागी राहतो. दोष आम्हांस दिसतो तो कोडपेक्षा डॉक्युमेंटेशनात, आणि तेथेही एका विशेषणात. 'अनावश्यक' कोणाला? ते विशेषण लिहिताना कर्त्याच्या डोळ्यांपुढे हिंदी होती, आणि वाचताना आमच्या डोळ्यांपुढे काहीच नव्हते. 'हलन्तानंतरचे जोडचिन्हही काढले जाते' इतके रोखठोक वाक्य तेथे असते, तर आम्हीही कदाचित दचकलो असतो. विशेषणाने आम्हांस थोपटून निजविले. कवितासंग्रहांच्या परीक्षणांत आम्ही विशेषणांवर कोरडे ओढीत आलो आहोत, आणि एका ओळीच्या तांत्रिक वाक्यात ते लपले तर ओळखले नाही.

त्या रात्री अर्धा लिहिलेला अभिप्राय समोर ठेवून आम्ही बराच वेळ बसलो होतो. पुऱ्यांचे काय, मूळ प्रत शाबूत होती, पुन्हा छापता आले असते. मनात घोळत होते ते निराळेच. बिजागरी एकदा दुकानात आली की ती कोणत्या दाराला लागेल हे ओतणाऱ्याच्या हाती राहत नाही. उद्या एखाद्या ग्रामपंचायतीत कोणी हीच लायब्ररी घेऊन नावांची यादी 'स्वच्छ' करील. कऱ्हाडच्या कऱ्हाडकरांचे नाव त्यांच्या यादीत आहे. फक्त ते विचारावयास येतील तेव्हा सापडणार नाही. खिडकीतला कारकून प्रामाणिकपणे सांगेल की, नाव नाही. आणि तपासणी झाली होती काय, असे कोणी विचारलेच, तर चौकटीत आमची खूण आहे, खाली आमचे नाव आहे, हुद्दा आहे. 'किती श्रम घेतलेत' या प्रश्नाला आमचे खरे उत्तर 'दहा पाने' असे होते.

सकाळी आम्ही दोन पत्रे लिहिली. मंडळास कळविले की, अमुक चौकटीतील आमची खूण आम्ही काढून घेत आहोत, कारण ती न तपासता केली होती. हे वाक्य उघड्यावर, विद्यार्थ्यांसही वाचता येईल अशा ठिकाणी लिहिताना बोटे जड झाली, हे नाकारीत नाही. दुसरे पत्र कर्त्यास. त्यात दोष दाखविला, दोन्ही वाक्ये दिली, आणि उपायही सुचविला: चिन्हे झाडण्याच्या आधी 'र', हलन्त व जोडचिन्ह ही त्रयी दिसेल तेथे तिच्या जागी टिंबवाला 'ऱ' व हलन्त ठेवावे, मग झाडू फिरविला तरी केस जागचा हलत नाही, आणि दोन प्रकारांनी लिहिलेला शब्दही एकच होतो. उत्तर संध्याकाळी आले. त्याने चूक कबूल केली, ती ज्या सरळपणाने केली तो सरळपणा आम्हांस पंचविशीत साधला नसता. पुढे लिहिले होते: "सर, मी मराठी जाणत नाही. हा नियम मराठीत कोठे लिहिलेला आहे, ते सांगाल काय? डॉक्युमेंटेशनात त्याचा उल्लेख करतो."

आम्ही कपाटापुढे उभे राहिलो. आडवा 'र' आम्ही पन्नास वर्षे लिहीत आलो आहोत. तो केव्हा लिहावा, हे मात्र हाताला माहीत, डोक्याला नाही. 'पुरी'चे 'पुऱ्या' होते, 'दरी'चे 'दऱ्या', 'आचारी'चे 'आचाऱ्यास'. म्हणजे ईकारान्त शब्दाच्या ईचा य झाला की केस आडवा. बरे, 'कोरा'चे 'कोऱ्या' होते, तेथे तर ई नाही. 'दुसरा'चे 'दुसऱ्या'. आणि 'कऱ्हाड', 'गोऱ्हा', 'कुऱ्हाड' यांत य सुद्धा नाही. मग 'सूर्य' आणि 'कार्य' तत्सम म्हणून डोक्यावर. पण 'दर्या' फारसी, तो कसा तेथे जाऊन बसला? महाविद्यालयातील मराठीच्या प्राध्यापकबाई आमच्या मदतीस आल्या, म्हणून निभावले. 'मराठी वापरणारांसाठी' असे दीड पानांचे एक प्रकरण आम्ही लिहून काढले, त्यास तीन आठवडे लागले. एवढ्या वेळात आम्ही आठ काव्यसंग्रह निकालात काढले असते. प्रकरण पाठविले, आणि चार दिवसांनी ते दुरुस्त होऊन परत आले. परीक्षणाचा प्रवाह उलटा वाहू लागला होता. "सर, दुसऱ्या परिच्छेदातील उपमा सुंदर आहेत, परंतु वापरणारास त्या आधी कोड हवा असतो." "सर, 'सामान्यतः' म्हणजे नक्की केव्हा?" शेवटच्या प्रश्नाखाली आम्ही बराच वेळ पेन्सिल धरून बसलो. विशेषणास आम्ही दोष दिला होता. त्याने आमचे क्रियाविशेषण पकडले. ते काढले. दीड पानाचे पाऊण पान झाले आणि, सांगावयास हरकत नाही, सुधारले.

मराठीच्या निमित्ताने आणखी दोन-तीन कज्जे निघाले. 'ॲ' हे अक्षरही एकसंध किंवा 'अ'वर चंद्र ठेवून, अशा दोन प्रकारांनी लिहिले जाते, कारण त्याचे स्वतंत्र घर युनिकोडमध्ये २००८ साली आले. ते लगेच निकालात निघाले. अनुक्रमणीचा वाद मात्र चिघळला. आपल्या शाळेतल्या वर्णमालेत 'ह'नंतर 'ळ', 'क्ष', 'ज्ञ' येतात. संगणकाच्या घरांच्या ओळीत 'ळ' हा 'ल'च्या शेजारी बसलेला, आणि 'क्ष' तर 'क'च्या पोटात. आमच्या सूचीत 'क्षीर' हा शब्द 'कोहळा' आणि 'खजूर' यांच्यामध्ये जाऊन बसला, तो सौभाग्यवतींस मुळीच पसंत पडला नाही. कर्त्याचे म्हणणे, भाषेप्रमाणे क्रम बदलण्याची सोय पुढील आवृत्तीत करू, तूर्त डॉक्युमेंटेशनात तसे स्पष्ट लिहू. आम्ही ते मान्य केले. अमुक गोष्ट होत नाही असे आपण होऊन लिहून ठेवणारा लेखक आम्हांस आजवर फारसा भेटला नव्हता. आमची सूची आम्ही हाताने लावली.

डोनाल्ड नूथ या विख्यात गणितज्ञ-संगणकशास्त्रज्ञांचा एक रिवाज प्रसिद्ध आहे. त्यांच्या ग्रंथांत जो प्रथम चूक दाखवील त्यास ते २.५६ डॉलरची हुंडी पाठवीत. २००८ पासून हुंडीऐवजी एका काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र पाठवितात. हे आम्ही घरी सांगितले. सौभाग्यवतींनी विचारले, "मग मला कोण देणार?" लायब्ररीच्या आभारांच्या पानावर आमचे नाव आले होते, तेथे दोष कोणी शोधला त्याचा उल्लेख नव्हता. आम्ही तो घालवून घेतला. आता आमच्या नावाआधी त्यांचे नाव आहे. वर्णानुक्रमाने तसे येते, असे आम्ही भावंडांस सांगतो.

लायब्ररी मार्गशीर्षात स्वीकारली गेली. तिच्या चाचण्यांत आईचे ते वाक्य घातले आहे. कोणीही, कोठेही बसून त्या कोडमध्ये एखादी ओळ बदलली की सर्व चाचण्या पुन्हा चालतात, आणि आचार्यास शिधा व आचाऱ्यास तेल मिळाले की नाही, हे यंत्र पाहते. न मिळाल्यास बदल परत जातो. स्वीकृतीच्या आदल्या दिवशी कर्त्याचे एक शेवटचे पत्र आले होते. चाचणीतील वाक्य त्याने कोणा मराठी मित्रास दाखविले. मित्राने सांगितले की, 'द्यावें' आणि 'पहाटेंच' यांवरील टिंबे चुकून पडलेली दिसतात. ती काढावी काय?

आम्ही कळविले की, ती राहू द्यावीत.